ढवळीचा खांदा

पोळ्यानंतरच्या सोमवारपासून दिव्यानीची गाडी कारखान्यात सगळ्यांना नकोशी झाली.

गाडी तशी गुणाची होती. पांढरी, लहानखुरी, बॅटरीवर चालणारी, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. दिव्यानी मूल गावाजवळच्या धानाच्या बियाण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती आणि तिचं गाव सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला, पंचेचाळीस किलोमीटरवर. वडील गेल्यापासून घरी आई, शकुबाई, एकटीच. मूलमध्ये खोली करा म्हणून मॅनेजरसाहेबांनी दोनदा सुचवलं, हिने दोनदा नको म्हणून मान हलवली आणि उन्हाळ्यात ही गाडी घेतली. जुनी बॅटरी एका दमात साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे जात नसे. म्हणजे सकाळी यायचं, दिवसभर कारखान्यात चार्ज करायची आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी. मायलेकींचं एका छपराखाली राहणं हे असं कारखान्याच्या भिंतीवरच्या चार्जरवर टेकलेलं होतं.

चार्जर तीन होते आणि तिघांनाही वीज एकाच पेटीतून यायची. त्या पेटीत ईएलसीबी नावाचं एक बटण. वीज आपली वाट सोडून कुठे गळायला लागली की खटकन खाली पडायचं आणि सगळं बंद करायचं, एवढंच त्याचं काम. दिव्यानीने गाडीला चार्जरची गन लावली की दोन मिनिटांत ते खाली. हिची गाडी बंद, शेजारची साहेबांची बंद आणि माल पोचवणारी तीनचाकीही बंद. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी तीनचाकीवाला निकेश अर्ध्या वाटेत पोत्यांसकट उभा राहिला, त्यानंतर कुणी हसेना.

कारखान्याची वीज बघणारा प्रफुल हा डिप्लोमा केलेला, कामाला वाघ असा माणूस. त्याने तिन्ही गन लावून पाहिल्या, ईएलसीबी बदलला, पुन्हा बदलला. बाकीच्या गाड्या त्याच गनवर गुमान चार्ज होत होत्या. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तर त्यांनी एकच विचारलं, की घरी चार्ज होते का? रात्रभर होते, एकदाही बंद पडत नाही, असं दिव्यानीने खरं ते सांगितलं. मग दोष तुमच्या चार्जरमध्ये आहे, असं म्हणून ते मोकळे झाले. माहेरी शहाण्यासारखी वागून सासरी रोज भांडण काढणाऱ्या या गाडीचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. त्यात तिचे मूडही होते. सकाळी हमखास पाडायची, आणि दुपारी कडक ऊन पडलं की तासभर टिकायची, त्यात कशीबशी घरापुरती भरायची.

गुरुवारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. शनिवारपर्यंत बघा, सोमवारपासून ही गाडी चार्जरला लावायची नाही, असं म्हणाले. चिडून बोलले असते तर दिव्यानीने दोन शब्द ऐकवले असते. ते समजुतीने बोलले, त्यामुळे ती हो म्हणून बाहेर आली. सोमवारपासून म्हणजे मूलची खोली, आणि आईने एकटीने रांधून एकटीने जेवणं. हे आईला सांगायचं कसं, या विचारात ती प्रफुलला गाठून म्हणाली, "प्रफुलभाऊ, ते बटन काढून डायरेक्ट करून द्या ना."

आपल्याकडे ही मागणी कुणाला वावगी वाटत नाही. शेतातले पंप डायरेक्ट, पिठाची चक्की डायरेक्ट, लग्नाच्या मांडवातली रोषणाई डायरेक्ट. जे मधे येऊन अडवतं ते काढून टाकायचं आणि तार थेट जोडायची, यात आपला हात कुणी धरणार नाही. प्रफुलला ते पटत नव्हतं, पण नाही म्हणायचंही जिवावर आलं. शेवटी त्याने जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली. म्हणाला, मनकर्णाबाईंना विचारू, कारखान्याच्या सगळ्या मोटरा त्याच भरतात.

मूलच्या बाजारात टिनाच्या शेडमध्ये मनकर्णाबाई तीस वर्षं जळालेल्या मोटरा भरत, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून देत होत्या. साठी उलटलेली, लुगड्यावर पुरुषी शर्ट, गालात तंबाखूचा खर्रा. धानाच्या ऐन हंगामात पंप जळाला की लांबलांबचे शेतकरी मोटर खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात बसत. शुक्रवारी सकाळी ही दोघं पोचली तेव्हा बाई तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होत्या. प्रफुलने तोंड उघडलं, तसा त्यांनी वर न बघता हात केला. वेढे संपेपर्यंत दोघंही शाळेतल्या पोरांसारखी उभी राहिली. मग बाईंनी तार तोडली, सगळं ऐकून घेतलं आणि त्या प्रफुलवरच घसरल्या.

"कुत्रा भुकून राह्यला म्हून कुत्र्याले मारता, का दारात कोन आलं ते पाहाता? तो भला बटन रोज सांगून राह्यला, अन् तुम्ही त्याले काढाले निघाले."

प्रफुलची मान खाली गेली. दिव्यानीचीही जायला हवी होती, कारण मागणी तिची होती, पण तिला तेव्हा फक्त सोमवार दिसत होता. पुढचे प्रश्न बाईंनी तिला विचारले, प्रफुलला नाही. कधीपासून पडतं? सोमवारपासून. त्याआधी काय होतं? पोळ्याची सुट्टी. सकाळी पडतं की दुपारी? ऊन असलं की टिकतं का? प्रत्येक उत्तराला बाई नुसत्या हुंकार भरत होत्या. मग उठून त्यांनी खर्रा थुंकला, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "तिच्या अंगात कुठीतरी ओल हाय. चला."

कारखान्यात आल्यावर त्यांनी जे पहिलं केलं ते दिव्यानीला कायम लक्षात राहिलं. पाच-सात माणसं गोळा झाली होती, साहेबही आले होते, आणि त्या सगळ्यांसमोर बाईंनी सांगून टाकलं, की असली गाडी मी जन्मात उघडलेली नाही, म्हणून आजही उघडणार नाही, बाहेरून काय दिसतं तेवढं पाहीन. आपल्याला येत नाही हे इतक्या सहज सांगणारं माणूस दिव्यानीने तोवर पाहिलं नव्हतं. नागपूरच्या फोनवरच्यांना ते जमलं नव्हतं, आणि खरं तर प्रफुलला आणि तिलाही जमलं नव्हतं.

बाईंनी मेन स्वीच बंद करून पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर, चार्जिंगचं झाकण होतं. ते उघडून त्यांनी आधी नाक जवळ नेलं. जरा थांबल्या. काडीला कापूस गुंडाळून तो पिनांच्या भोवती फिरवला आणि उजेडात धरला. कापूस पिवळा झाला होता. मग त्यांनी तो जिभेला लावला, तसा प्रफुल दोन पावलं मागे सरला.

"हळद," बाई म्हणाल्या. "अन् मीठ. हे गाडी हाय का वरन शिजवाचा गंज?"

लोक हसले. दिव्यानीचा चेहरा मात्र कानापर्यंत लाल झाला, कारण तिला एका क्षणात सगळं कळलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू घेतलं तो गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप चोळायचं आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. शकुबाईच्या घरी शेकायच्या पाण्यात मूठभर मीठही पडायचं. सूज उतरते म्हणून सासूने घालून दिलेली ती रीत होती. पण यंदा गोठ्यात बैल नव्हते. जोडी म्हातारी झाली, नांगरटी ट्रॅक्टरवर गेली, आणि उन्हाळ्यात बैल विकल्यावर रिकाम्या गोठ्यात ही पांढरी गाडी उभी राहिली. शकुबाईने विकलेल्या ढवळ्या बैलाचं नाव तिला देऊन टाकलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्यानी न्हाणीतून बाहेर आली तर ढवळीची डावी बाजू हळदीने पिवळी. ती पोट धरून हसली, तिने फोटोही काढला. आई मात्र हसली नव्हती. म्हणाली होती, "माह्या पोरीले रोज वाहून नेते ते. तिले खांदा नसते का?"

आणि खांदा कुठे असायचा? मानेच्या मागे, डाव्या अंगाला, जिथे रोज ते झाकण उघडून दोर लावतात तिथेच. शकुबाईने झाकण उघडून आतूनही चांगलं शेकलं होतं. मीठ एकदा आत बसलं की पावसाळी सकाळच्या दमट हवेत ओलं व्हायचं आणि त्यातून वीज गाडीच्या अंगावर गळायची. उन्हात ते सुकायचं आणि गाडी शहाणी व्हायची.

दिव्यानीने मान खाली घालून हे सांगितलं तेव्हा पुन्हा हशा पिकला. फक्त मनकर्णाबाई हसल्या नाहीत. "खांदा बरोबर हेरला तुह्या मायनं," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड वॉटर मागवलं. लहान लेकराचे कान साफ करावेत तशी एकेक पिन तीन-तीनदा पुसली. मग बियाण्याचे नमुने वाळवायच्या गरम हवेच्या ब्लोअरने दोन तास सुकवलं. दिव्यानी शेजारी बसून ते हात बघत होती. तारेने कापलेले, वार्निशने काळे झालेले जाड हात, पण कापसाची काडी कुठे चुकून टेकत नव्हती. तिला स्वतःच्या हातांचा अभिमान होता, बियाण्याचा एकेक दाणा चिमट्याने उचलणारे हात होते ते. त्या दिवशी तिने मनातल्या मनात आपल्या हातांचा नंबर खाली आणला.

दुपारी एकच्या सुमारास गन लागली. दोन मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. तिन्ही चार्जर चालू आणि बटण जागच्या जागी. निकेश येऊन आपली तीनचाकी लावून गेला. साहेबांनी सोमवारची गोष्ट मागे घेतली. दिव्यानीला रडू फुटायच्या बेतात होतं. तिने आईला फोन लावला आणि काही न सांगता नुसतं विचारलं, की रात्री भाजी काय करणार आहेस.

मनकर्णाबाई मात्र पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबल्या होत्या.

"पोरी, घरी एकडाव बी बंद नाई पडली म्हंतेस?"

"नाही बाई. एकदाही नाही."

"एवढं मीठ असून?"

दिव्यानी हो म्हणाली आणि तिचं तिलाच ते कसंसं वाटलं. बाईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "मले तुह्या घरी ने. आत्ताच."

गाडी पुरती भरल्यावर दोघी निघाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कमरेला लागलं होतं. सावली मागे पडल्यावर बाई एकदाच म्हणाल्या, की मोटर दुखायला लागली की आवाज करते, तुझी ही काही बोलतच नाही, म्हणून हिची जास्त भीती.

घरी पोचेपर्यंत साडेचार वाजले. शकुबाई पाहुणी बघून चहाला उठली. बाईंनी चहा मागाहून घेते म्हणून सांगितलं आणि सरळ गोठ्यात गेल्या. गव्हाणीच्या वर भिंतीवर चार्जिंगचा बोर्ड होता. वीज बंद करून त्यांनी दोन स्क्रू काढले आणि झाकण बाजूला केलं. आत बोटभर लांबीचा लाल तारेचा तुकडा होता.

तो तुकडा दिव्यानीने ओळखला. तो तिच्यासमोरच बसवला होता. मे महिन्यात गाडी आणली तेव्हा तिच्यासोबत कंपनीचा चार्जर नव्हता, म्हणून तिने बाजारातून चार्जरचा एक स्वस्तातला डबा आणला होता. त्याचा लाल दिवा काही केल्या जाईना. गावातला वायरमन डोमा म्हणाला होता, की घराला अर्थिंगच नाही, खड्डा करावा लागेल, दोन दिवस द्या. तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. डोमाभाऊ, डायरेक्ट करून दे ना, असं तीच म्हणाली होती. त्याने करून दिलं, दिवा हिरवा झाला आणि ती खूश झाली.

बाईंनी तिला एकदाच समजावलं. घरात एक तार वीज आणते, दुसरी परत नेते, आणि तिसरी जमिनीत जाते, ती जिवाच्या राखणीसाठी. इथे जमीनच नव्हती, म्हणून तिसरीची गाठ परतीच्या तारेला मारली होती. डब्याला वाटलं सगळं ठीक आहे. तिथे गळती पकडणारं बटण नव्हतं, म्हणून काही पडतही नव्हतं. आता पावसात एखादी फांदी कोसळून खांबावरची परतीची तार तुटली, तर तीच वीज गाडीच्या पत्र्यावर येऊन उभी राहणार होती.

मग त्या शकुबाईकडे वळल्या आणि भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, गाडी धुता तवा कधी झिनझिन्या येते का हाताले?"

शकुबाईचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत तिच्या ढवळीबद्दल कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

"येते न. सकाळी वल्या हातानं पुसते ना मी, तवा अंग थरथरवते ते. आमचा ढवळ्या नोता का थरथरवत, पाठीवर हात ठेवला का? तसंच. मले ओळखते ते."

दिव्यानी गव्हाणीच्या काठावर मटकन बसली. रोज सकाळी ती आत वेणी घालत असायची, गाडी चार्जिंगला लावलेली असायची, आणि आई अनवाणी, ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने त्या पत्र्यावरून हात फिरवत असायची. चार महिने. आईला सोडून राहायला नको म्हणून तिने ही गाडी घेतली होती. दुपारी आवरलेलं रडू या वेळी थांबलं नाही. शकुबाई गोंधळून लेकीच्या पाठीवर हात फिरवायला लागली. मनकर्णाबाईंनी पक्कडीने तो लाल तुकडा तोडला आणि शर्टाच्या खिशात टाकला. उपदेशाचा एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या क्षणी दिव्यानीला त्या बाईइतकं मोठं माणूस जिल्ह्यात दुसरं कुणी वाटलं नाही.

मुक्काम तिथेच झाला. शनिवारी सकाळी डोमा पाइप आणि कोळसा घेऊन आला, आणि बाईंनी त्याला जे काय सुनावायचं ते गोठ्यामागे नेऊन सुनावलं, चारचौघांत नाही. न्हाणीजवळच्या ओलसर जागेत त्याने पुरुषभर खोल खड्डा खणला. त्यात पाइप उभा केला. पाइपच्या भोवती कोळशाचा थर आणि ओल धरायला मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. मिठाची पिशवी शकुबाईच्या हातात होती, पण ती मूठ भरून काठावर थबकली. मीठ कुठे गेलं आणि त्याने काय केलं हे तिला आदल्या रात्री लेकीकडून कळलं होतं.

"माह्याच हातानं झालं न हे सारं," ती म्हणाली.

"नाही आई. मीच म्हटलं होतं डोमाभाऊला, डायरेक्ट करून दे म्हणून. ते माझ्याच तोंडून निघालं होतं."

शकुबाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिची मूठ तशीच मिटलेली राहिली. खड्ड्यावर वाकलेल्या मनकर्णाबाईंनी वर बघितलं.

"तुम्ही खांदा शेकला नसता त कारखान्यातलं बटन पडलं नसतं, बाई. बटन पडलं नसतं त मी इथी आली नसती. अन् तुम्ही इथी वल्या हातानं आनखी किती दिवस..." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि वाक्य पुरं करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "टाका. इथी टाका मीठ, सारं टाका."

शकुबाईने मूठ उघडली आणि मग पिशवीच उलटी केली.

बाईंनी बोर्डात नवीन ईएलसीबी बसवला आणि मुद्दाम गळती करून तो तीनदा पाडून दाखवला. चौथ्यांदा ते चाचणीचं बटण शकुबाईला स्वतःला दाबायला लावलं. खट आवाज झाला तशी ती दचकली आणि मग हसली. महिन्यातून एकदा असं दाबायचं आणि खड्ड्यात रोज लोटाभर पाणी घालायचं, कोरडा पडू द्यायचा नाही, एवढं सांगून बाई दुपारच्या एसटीने मूलला गेल्या. दिव्यानी सोडायला निघाली होती, पण त्या नको म्हणाल्या. सोमवारी एका शेतकऱ्याची मोटर द्यायची होती आणि त्यांना वाटेत वेढ्यांचा हिशेब मनात जुळवायचा होता.

सोमवारी सकाळी दिव्यानीने वेणी घालायचं काम अंगणात आणलं. गाडी चार्जिंगला लावलेली होती. शकुबाई बादली आणि फडकं घेऊन आली, अनवाणीच. पायात चपला घाल म्हणून दिव्यानीने सांगितलं होतं, पण गोठ्यात चपला घालून जायची तिची तयारी नव्हती. तिने समोरचा पत्रा पुसला, डावी बाजू पुसली आणि झाकणाच्या खाली, खांद्यावर, ओला हात ठेवला. ठेवला तो तसाच ठेवून उभी राहिली. दिव्यानीची वेणी अर्ध्यातच राहिली.

थोड्या वेळाने शकुबाईने हात बदलून पाहिला.

"आता थरथरवत नाई व ते," ती म्हणाली. आवाज जरा उतरलेला होता.

"नाही आई. आता नाही थरथरवणार."

शकुबाईने आणखी एकदा, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, पत्र्यावरून शेपटीकडे हात नेला. "दुखत असन तिले तवा," ती म्हणाली. "आता निजली बिचारी." मग बादलीतलं उरलेलं पाणी तिने नेऊन न्हाणीजवळच्या खड्ड्यात ओतलं आणि लेकीचा डबा भरायला आत गेली.